कायदा शिकणाऱ्या आपल्या पोरांना हात द्या

गेल्या पावसाळ्यात धडगावकडची एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन नंदुरबारला आमच्या कायदा-मदतीच्या टेबलापाशी आली. कसत असलेल्या वनजमिनीवरचा तिचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने नाकारल्याचं ते पत्र होतं. घरात मराठी वाचणारं कुणी नाही, म्हणून पत्र तसंच पत्र्याच्या पेटीत पडून होतं. टेबलावर बसणाऱ्या, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने ते तिला पावरी बोलीत समजावलं आणि तारीख मोजली. जिल्हास्तरीय समितीकडे अपील करायला ६० दिवस मिळतात. त्यातले ११ उरले होते. मग दोन मुलं चांदसैली घाट चढून पाड्यावर गेली, वनहक्क कायद्यात धरलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आधीपासून ती जमीन हे कुटुंब कसतं असे म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून आणले, आणि अपील मुदतीत गेलं. निकाल अजून यायचा आहे.

ही मुलं कोर्टात उभी राहू शकत नाहीत, त्याला वकिलीची सनद लागते. तिथे वकील हवा असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तो मोफत मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतले कैदी यांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. पण हे पाड्यावर माहीत कुणाला आहे? प्राधिकरणाच्या दारापर्यंत माणूस आणि त्याचे कागद पोचवणं, हेच आमच्या मुलांचं काम. ते होत नाही तोवर कायद्यातला हक्क कायद्यातच राहतो.

वकील मोफत मिळतो, पण त्याआधीचा खर्च मोफत नसतो. एसटीचं भाडं, झेरॉक्स, दाखल्यांच्या नकला, मुक्काम पडला तर दोन वेळचं जेवण. आजवर मुलं हे स्वतःच्या खिशातून करत आली. त्यांतली बरीचशी वसतिगृहात राहून शिकतात, सुट्टीत मजुरीला जातात. त्यांच्याकडून आणखी घेणं आम्हाला बरं वाटत नाही.

म्हणून हे मागणं. ५० रुपये द्या, ५०० द्या, पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला टेबलापाशीच लावला जाईल. पैसे नसतील तर शनिवारचे दोन तास द्या. पावरी किंवा भिली बोलणारी माणसं तर फारच हवी आहेत. निवृत्त तलाठी, ग्रामसेवक, कोर्टातले कारकून यांनी यावंच. कुठला उतारा कुठे मिळतो हे तुमच्याइतकं पुस्तकात सापडत नाही. सनद असलेल्या वकिलांनी मुलांचे अर्ज दाखल होण्याआधी एकदा नजरेखालून घालावेत.

आम्ही दर शनिवारी सकाळी १० पासून बसतो. पाड्यावर कुणाच्या पेटीत असं पत्र पडलं असेल, तर येताना तेही घेऊन या.

– मदत टेबल चालवणारे शिक्षक व नागरिक, नंदुरबार