डायलिसिस विभागात रुजू झालेल्या मुलीस

चि. मेघनास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोनवर तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तू चिडून फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसलो आहे. मेडिसिन वॉर्डातून तुझी बदली डायलिसिस विभागात झाल्याचे ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र आधी कावीळ आठवली. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस तू घेतले आहेस, हे मला ठाऊक आहे. परंतु डोस घेऊनही काहींच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तपासणीत तुझा प्रतिपिंडांचा आकडा १० च्या वर आला की नाही, एवढेच मला हवे होते. असो, हा विषय इथेच थांबवतो.

आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास मी स्वतः डायलिसिसवर पडून असल्यामुळे सिस्टरांचे काम बारकाईने पाहायला मला भरपूर वेळ मिळतो. आमच्या थोरल्या सिस्टर सुई घालण्यापूर्वी फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर, बोटे ठेवून थरथर पाहतात, स्टेथोस्कोप लावून ऐकतात आणि मगच माझ्याशी बोलू लागतात. थंडीत मी हातावर शाल ओढली, तर त्यांनी ती लगेच बाजूला केली. रक्त शरीरात परत नेणारी सुई निसटली तर मिनिटाला पाव लिटर किंवा त्याहून अधिक रक्त बाहेर जाऊ शकते आणि मशीनचा अलार्म प्रत्येक वेळी वाजेलच असे नाही, म्हणून ती जागा सतत डोळ्यांसमोर उघडी हवी, असे त्यांनी मला समजावले. तुझे पेशंट कुरकुरले तरी तूही त्यांचा हात झाकू देऊ नकोस.

पाण्याकडेही तुझे लक्ष असू दे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात माझा जन्म गेला. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन सापडलेच पाहिजे, म्हणून मी पहाटे बाटल्या घेऊन गल्लोगल्ली फिरत असे. तुमच्याकडे मात्र एकूण क्लोरीन ०.१ च्या वर चालत नाही, कारण एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर पाणी रक्तापासून केवळ एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहते आणि क्लोरामाइन (क्लोरीनचेच एक संयुग) त्यातून पलीकडे गेले तर तांबड्या पेशी फुटतात. क्लोरीन काढून टाकणाऱ्या कार्बन टाकीनंतरच्या पाण्याची चाचणी टेक्निशियन करतो हे खरे, तरी कामाची पाळी सुरू होण्यापूर्वी ती नोंद तू स्वतः वाचत जा.

आणखी एक सांगतो. दोन डायलिसिसच्या मध्ये ज्याचे वजन तीन-चार किलोंनी वाढले आहे, त्याला काट्यावर सर्वांसमोर बोलू नकोस. उन्हाळ्यात मोजून पाणी पिणे किती कठीण असते, हे मी आता जाणतो. जास्त पाणी घाईने काढले की रक्तदाब उतरतो आणि पायांत गोळे येतात. त्या वेळी त्याला ओरडून बोलावे लागू नये, इतकी जवळ तू असावीस.

मी पुन्हा उपदेश करू लागलो. तुझे शिक्षण झाले आहे, क्षमा कर. माझा फिस्टुला झाला तेव्हा तू जीएनएमच्या (नर्सिंगच्या) शेवटच्या वर्षाला होतीस. ‘डाव्या हाताला बीपी नाही, सुई नाही’ असे जाड अक्षरांत लिहून तू माझ्या खाटेच्या डोक्याशी चिकटवले होतेस आणि डाव्या हाताचे रक्त घ्यायला आलेल्या माणसाला नम्रपणे परत पाठवले होतेस. अक्का अजून ते सर्वांना सांगते, आणि मीही तिला थांबवत नाही.

परंतु मेघना, तो हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. मशीनची बटणे, क्लॅम्प, खुर्चीचा हात यांवरील डाग डोळ्यांना दिसेलच असे नाही. प्रत्येक पेशंटमागे हातमोजे बदल, हात धू आणि सुई काढताना चेहऱ्यावरची ढाल विसरू नकोस. बाधित पेशंटांच्या वेगळ्या मशीनवर तुझी ड्यूटी लागणार असेल, तर तुझा तो रिपोर्ट आधी इन्चार्ज सिस्टरांना दाखव. माझे रक्त दर वेळी कोणाच्या ना कोणाच्या मुली हाताळतात आणि त्यांचे वडीलही त्यांना हेच विचारत असतील.

माझे डायलिसिसचे वार मंगळवार, गुरुवार, शनिवार असेच आहेत. दिवाळीची रजा मिळाली तर सोमवारी किंवा बुधवारी सकाळी पोहोचेल असे तिकीट काढ, म्हणजे मला स्टँडवर येता येईल.

तुझे,
बाबा