शेऱ्याच्या रकान्यातलं

बडोदे,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आधीच सांगून टाकते, म्हणजे बाबा पत्राचा शेवट आधी वाचायला जाणार नाहीत. मी जूनमध्ये नाशिकला येत नाहीये. ऑफिसात आठवड्याचे चारच दिवस मागितले होते, ते मिळाले. पगार कमी होईल, पण भाडं भरायचं नाही आणि इन्सुलिन, सुया, पट्ट्यांचे पैसे मी एक तारखेलाच बाजूला काढते. दादाला अजून बोलले नाही. तुम्हाला आधी कळायला हवं होतं.

कारण फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. माडीवरच्या खोलीत दर रविवारी सहा मुलं येतात. सगळी माझ्यासारखीच टाइप वन मधुमेहाची, ११ ते १७ वयाची. आम्ही लिहितो. डोस कुणी विचारला तर मी सांगत नाही, त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. काळजी नको.

हे सुरू झालं २०२४ च्या ऑगस्टात, विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा. तुम्ही दादाकडे होतात. लाइट गेलेली. मागच्या गल्लीतली एक बाई इन्सुलिनची बाटली रुमालात गुंडाळून आली, फ्रीज बंद, काय करू म्हणून. आई, मी तुझंच मडकं काढलं. मोठ्यात लहान, मधे ओली वाळू. तिच्याबरोबर तिची आठवीतली मुलगी होती, तोंडातून शब्द नाही, हातात शुगरची वही. मी सहज उघडली. ११०, ११८, ११२, १२०. पंधरा दिवसांचे आकडे एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेले. मी लगेच ओळखलं.

कारण मीही तेच करायचे.

बाबा, तुम्ही पट्टीनं आखून दिलेली वही आठवते? तारीख, वेळ, शुगर, युनिट आणि शेवटी शेरा. नववीतले निम्मे आकडे मी मनानं टाकलेत. बोट टोचायचा कंटाळा नव्हता. २८० लिहिलं की तुम्ही ताटावरून उठायचात आणि आई काहीच न बोलता साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवायची. ते मला बघवायचं नाही. रागावू नका, आता वीस वर्षं झाली. पण शेऱ्याच्या रकान्यात मी कधी खोटं लिहिलं नाही. आजोबांनी शिकवलेल्या मोडीत लिहायचे, तुम्हा दोघांना येत नव्हती म्हणून. डॉक्टरांना वाटायचं, पोरगी रेघोट्या ओढते. 'आज प्रार्थनेला हात थरथरले, बाईंना पोटात दुखतंय सांगितलं.' असं. दोन ओळी लिहिल्या की झोप लागायची.

लग्नाचं वय होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. का ठरलं ते मला तेव्हाही कळत होतं, आत्याच्या घरी काय झालं ते मी पाहिलं होतं. तुम्ही मला जपण्यासाठीच केलंत. दोष देत नाहीये, खरंच. एवढंच की मग बोलायला तो एक रकाना उरला, आणि या मुलांजवळ तोही नाही. त्यांच्या मीटरमध्ये, मोबाइलमध्ये नुसते आकडे साठतात.

बाबा विचारतील, लिहून शुगर उतरते का? नाही उतरत. तुमच्यासाठी शोधून ठेवलंय: १९९९ मध्ये अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात दमा आणि आमवाताच्या ११२ रुग्णांवरचा एक प्रयोग आला होता. एका गटानं आयुष्यातल्या सगळ्यात जड प्रसंगाबद्दल लिहायचं, दुसऱ्यानं दिवसभरात काय करणार ते, तीन दिवस, रोज २० मिनिटं. चार महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७ टक्क्यांत दखल घेण्यासारखी सुधारणा होती, दुसऱ्यात २४ टक्क्यांत. नंतरच्या प्रयोगांत दर वेळी एवढा फरक दिसला नाही. म्हणून मी पालकांना कसलंही वचन देत नाही.

आल्या आल्या सगळ्यांची शुगर बघायची. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मगच पेन हातात. गुजराती, मराठी, हिंदी, काहीही चालतं. शुद्धलेखन मी बघत नाही. (आई, तुला हे पटणार नाही.) वह्या इथंच, आजोबांच्या कपाटात, आई-वडिलांनाही दाखवायच्या नाहीत. परवा एकानं इन्सुलिन बनवेनाशा झालेल्या स्वतःच्या स्वादुपिंडाला पत्र लिहिलं, न सांगता घर सोडून गेलेल्या भावाला लिहावं तसं. वाचून झाल्यावर कुणी बोललं नाही. मग शेजारच्यानं आपला डबा त्याच्यापुढे सरकवला.

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. त्या आठवीतल्या पोरीनं लिहिलं की ती सहलीच्या दिवशी मुद्दाम इन्सुलिन घेत नाही. जिवाचं असेल ते मी गुपित ठेवणार नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी तिला विचारलं, तिच्या शेजारी बसले आणि तिनंच आईला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. आता मी नाशिकला आले तर हे कोण बघणार?

मुलांना मी एलिझाबेथ ह्यूजची गोष्ट सांगते, तीही मधुमेहाचीच, अमेरिकन मुलगी. १९२२ च्या ऑगस्टात ती टोरोंटोला, इन्सुलिन शोधणाऱ्यांतल्या डॉ. बँटिंगांकडे पोचली तेव्हा पंधराव्या वर्षाला टेकलेली, वजन जेमतेम वीस किलो. तिथून ती आईला लांबच लांब पत्रं लिहायची, आज काय खाल्लं, किती खाल्लं. पुढे ती १९८१ पर्यंत जगली. आजार मात्र जवळजवळ जन्मभर बाहेर कळू दिला नाही. पत्रं राहिली.

माझी काळजी करू नका. उशाशी ग्लुकोज असतं. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे, सकाळी सातला माझा आवाज आला नाही तर त्या वर येतात. संध्याकाळचा डबा लावलाय, तेल कमी असतं. बाबांची आरामखुर्ची खिडकीशी सरकवलीय, त्यात कुणी बसत नाही. झोपाळ्यावर मात्र मुलं बसतात, कड्यांना तेल घातलंय. तुळस ठीक.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी नाश्ता झाल्याबरोबर, पेपर वाचून झाल्यावर नाही. मोतीबिंदूचं पावसाळ्याच्या आत करून घ्यायचं. आई, जमिनीवर बसून भाजी चिरणं बंद. गुडघा दुखतो हे वहिनीला सांग. तीही लेकच आहे.

आणि एक मागणं. ती वही तुझ्या ट्रंकेत आहे, पैठणीखाली, मला माहीत आहे. तिच्यातली एक ओळ मला पाठ आहे: 'आई सुई टोचते तेव्हा स्वतःचा श्वास धरते. आज मी मोजलं, सतरा.' ती मुलांना वाचून दाखवू का? तुझी ओळ आहे, तू नको म्हणालीस तर नाही वाचणार. हो असेल तर दादा मे महिन्यात येईल तेव्हा वही त्याच्याबरोबर दे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

तुमची,
बेबी