धरण उशाला, कोरड घशाला

तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. भातसाही आमच्याच शहापूर तालुक्यातले आणि मुंबईला सर्वाधिक पाणी तेच पुरवते. मात्र उन्हाळा लागला, की याच तालुक्यातले आदिवासी पाडे टँकरची वाट पाहत बसतात.

मे महिन्यात एका पाड्यावर गेलो होतो. टँकरने विहिरीत पाणी सोडताच बाया पोहऱ्या घेऊन धावल्या. तासाभरात तळ दिसू लागला, तेव्हा एक मुलगी आत उतरून वाटीने गढूळ पाणी हंड्यात भरत होती. घरी तुरटी फिरवून, फडक्याने गाळून तेच प्यायचे. ज्यांच्याकडे पैसे आहेत, ते जार विकत घेतात. रोजंदारीवर जगणाऱ्याने काय करायचे? पाण्यापायी बाईची मजुरी बुडते, हा हिशेब कोणीच मांडत नाही.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून आमच्या तालुक्यात पाणी आणण्याची योजना वर्षानुवर्षे रेंगाळली. मुंबईचे पाणी तोडा, असे आमचे म्हणणे नाही. तिथल्या झोपडपट्ट्याही तहानलेल्याच आहेत. पण ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या, त्यांच्या पाड्यांवर येत्या उन्हाळ्याआधी नळ यावा आणि त्याला पाणीही यावे.

– एक वाचक, शहापूर (जि. ठाणे)