88 च्या पुढे लिहिलेलं

तासगाव, 14 सप्टेंबर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल माळा आवरताना तुझी दहावीची गणिताची वही सापडली. एप्रिल 2021 मधली, मला कोरोना झाला होता तेव्हाची. मागच्या पानांवर तू माझा ऑक्सिजन लिहून ठेवला होतास. सकाळी 95, दुपारी 93, रात्री 9 वाजता 88. त्या 88 च्या पुढे लिहिलंयस, 'हात गार आहेत, सेल बदलून परत बघणे.' खाली पहाटेचा आकडा, 84.

गणपतीत तू आईपाशी जे बोललास ते तिने मला सांगितलं. रात्रीच सगळ्यांना उठवलं असतं तर बाबांची फुफ्फुसं वाचली असती, असं तुला वाटतं. चार वर्षं हे मनात धरून बसलास पोरा, आणि मला पत्ताच नाही. समोर बसून बोलायला मला जमणार नाही, म्हणून लिहितोय.

त्या रात्री मला धाप लागली नव्हती. द्राक्षाच्या खरड छाटणीचा शीण आहे असंच वाटत होतं. दाराआडून मी तुला मजुरांचे पैसे किती द्यायचे ते सांगितलं, आठवतं? 88 वर असलेला माणूस हिशेब सांगत होता. पुढे डॉक्टरांनी मला याचं कारण समजावलं. आपला जीव घुसमटतो तो मुख्यतः अंगात कार्बन डायऑक्साइड साठला की. कोरोनात फुफ्फुसातल्या बारीक हवेच्या पिशव्या सुजतात, त्यांत पाणी भरतं, ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. पण कार्बन डायऑक्साइड मात्र बराच काळ बाहेर पडत राहतो. त्यामुळे शरीर हाकच मारत नाही. ज्याच्या अंगात हे चाललं होतं त्या मलाच कळलं नाही, तर दाराबाहेरच्या पंधरा वर्षांच्या पोराला कसं कळावं? आणि हात गार असले की बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र चुकतं, हेही खरंच आहे. तू बरोबर शंका घेतली होतीस.

दुसरं, तो माझा नववा दिवस होता. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढतो. दुसऱ्या आठवड्यात काहींच्या शरीराची स्वतःचीच फौज बिथरते आणि विषाणूपेक्षा तीच जास्त नासधूस करते. दुसऱ्या दिवशी काढलेल्या सीटी स्कॅनचा स्कोअर, म्हणजे फुफ्फुसं किती बिघडली त्याचा आकडा, 25 पैकी 17 होता. हे एका रात्रीत होत नाही. आणि पहाटे फोन सुरू केले तरी बेड मिळाला तो दुपारी दोनला. तू रात्री उठवलं असतंस तरी रात्री बेड कुठून येणार होता?

फाईल काढून परत वाचली. तेव्हा वाटायचं, हा फुफ्फुसाचा आजार. पण हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-2 नावाच्या दारातून, आणि ती दारं मूत्रपिंडात, हृदयात, आतड्यातही असतात. शिवाय रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं आणि रक्त गोठायला लागतं. तू ठिबकची लॅटरल उघडून चोकअप झालेले ड्रिपर बघितलेस ना? मोटर चालू, मेनलाइनला पाणी, आणि शेवटच्या वेली मात्र सुकतात. तसंच. रक्तात गुठळ्या होतायत का ते सांगणारा माझा डी-डायमर वाढला होता तो म्हणूनच, आणि पोटात रोज इंजेक्शन द्यायचे ते गुठळ्या होऊ नयेत म्हणून. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन 2.1 वर गेलं होतं. ते दीड महिन्यात खाली आलं. हृदयाची इको चांगली निघाली.

स्टेरॉइडने मात्र साखर 340 झाली. ते औषध देणं चूक नव्हतं. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे जीव त्याने वाचतात, हे जून 2020 मध्येच इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही, आणि साखर चढली की काळ्या बुरशीचं भय. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा डोळा त्यात गेला.

आणि काकाने रांगेत उभं राहूनही रेमडेसिविर या कोरोनावरच्या औषधाच्या दोन कुप्या कमी पडल्या, तेही मनातून काढ. त्याने जीव वाचतो असा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच म्हटलं होतं. आम्हा कोणाला ते ठाऊक नव्हतं. काकाही अजून त्यावरून हळहळतो, त्यालाही मी सांगणार आहे.

आता माझं म्हणशील तर फुफ्फुसात खालच्या बाजूला थोडे व्रण राहिलेत. औषधाचा पंप पाठीवर घेऊन दोन ओळींपुढे जात नाही, ट्रॅक्टरने फवारतो. बाकी बाग मीच बघतो. हे एवढंच आहे, यापेक्षा जास्त काही तुझ्यापासून लपवलेलं नाही.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. दवाखान्यात पहिल्यांदा विचारलं, ऑक्सिजन कधीपासून उतरतोय? काकाने तुझ्या वहीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. तिथल्या मॅडमनी तो बघूनच पुढचे प्रश्न विचारले. त्या दिवशी आलेल्या पेशंटांत वेळेसकट आकडे फक्त माझेच होते.

वही मी माळ्यावर परत टाकलेली नाही. कपाटात सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवली आहे. दसऱ्यानंतर गोडी छाटणी धरतोय, दोन दिवस सुट्टी मिळाली तर ये. आई चकल्या करून ठेवणार आहे.

तुझा,
बाबा