आई-बाबा, एवढ्या मिरचीचं काय करायचं ते लिहून पाठवते

आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर रेंज जाते, आणि रेंज असली की तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता, म्हणून मिरचीचं सगळं लिहूनच पाठवून राहिली आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधले तुमच्यावरचे टोमणे गाळायचे नाहीत.

रोपं उरली म्हणून बाबांनी परसात ओळीच्या ओळी लावल्या आणि आता तोडा, निवडा, वाळवा हे सगळं निस्तरून राहिली आई, हे आपल्या घरचं जुनंच आहे. आई, घरात पिकलेलं तुला फेकवत नाही, माहीत आहे मला. फेकू नकोच. पण सगळ्याची ताकातली मिरची आणि लोणचं करायला बसू नको. दोन्हीत मीठ सढळ लागतं, कमी घातलं तर टिकत नाही, आणि बाबांना बीपी आहे. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगतात, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तेही वरण-भाजी-चटणी सगळं धरून, आणि बाबा खिचडीसोबत तळलेल्या मिरच्या मोजून घेतात का सांग. एक छोटी बरणी कर पाहुण्यांपुरती आणि वरच्या फळीवर ठेव, बाबांचा हात पोचणार नाही अशी.

बाकी सगळं तिखट करायचं, त्यात मीठ लागतच नाही. आता हिरवी तोडणं बंद करा, झाडावरच लाल होऊ द्या. हिरवी वाळवली की पांढरट पडते, तिखटाला रंग येत नाही. आणि झाडावर फळ पिकत राहिलं की नवीन फळ धरणं मंदावतं, आपल्याला सध्या तेच पाहिजे नं. लाल झाली की स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरायची, देठ आत्ताच काढायचे नाहीत, आणि संध्याकाळी झाकायची, या दिवसांत दव लय पडतं. वाळली की नाही ते असं बघायचं, हलवली की आत बी खुळखुळलं पाहिजे आणि वाकवली की कडकन मोडली पाहिजे. नुसती लवत असेल तर आत ओल आहे. मोडल्यावर आत कुठल्याही रंगाची बुरशी दिसली तर ती मिरची सरळ फेक, पुसून घेऊ नको, अशा बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होऊ शकतं, ते लिव्हरला वाईट आणि शिजवल्यानेही जात नाही. इथे फेकताना जीव तुटू देऊ नको.

कांडायचं काम चक्कीवर. उखळ अजिबात बाहेर काढायचं नाही, तुझा खांदा आधीच दुखतो. तिखट घरी आणलं की पूर्ण गार होऊ दे, मग बरणीत भर, हिंगाचा खडा टाक आणि बरणी अंधारात ठेव, खिडकीतल्या उजेडाने लाल रंग उडतो.

थोड्या हिरव्या फ्रीझरमध्ये टाक, धुऊन एकदम कोरड्या पुसायच्या, उकळायची वगैरे गरज नाही, पिशवीतून काढून तशाच फोडणीत. नंतर लिबलिबीत होतात पण भाजीत काय कळतं. फक्त फ्रीझर भरून ठेवू नको, लाईट किती वेळ जाते ते तुम्हालाच माहीत.

ठेचा मात्र लागेल तसा ताजाच. मोबाईलवर दाखवतात नं, लसूण-मिरचीचा ठेचा तेलात बुडवून ओट्यावर महिनाभर ठेवा, ते करू नको. तेलाखाली हवा नसते, मिरची-लसणात आंबटपणाही नसतो, तिथे बोटुलिझमचे जंतू विष तयार करू शकतात आणि त्याला वास येईलच असं नाही. उरला तर फ्रिजमध्ये, आणि दोन-चार दिवसांत संपव.

आणि आई, हातमोजे घाल. थंडीत तुझ्या बोटांना भेगा पडतात आणि तू तशीच मिरच्या चिरतेस. आग झाली की लगेच पाणी ओतत बसू नको, तिखटपणा पाण्यात विरघळतच नाही, आधी गोडंतेल चोळ मग साबण. तू जे बी झाडत बसतेस नं तिखट कमी व्हायला, खरा जहाल भाग बियांत नसतोच, बी धरून ठेवणारी आतली पांढरी शीर असते ती. भाजायच्या असल्या तर बाहेरच्या चुलीवर, बाबांना खोकला आहे.

एवढं करूनही तिखट उरणार. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोट्या पुड्या दे. गोड बोला म्हणायचं आणि हातात तिखट ठेवायचं, काकू हसतील, हसू देत, प्लास्टिकच्या डब्या कोणाला पाहिजेत. मिरची हातात दिली की भांडण होतं म्हणणाऱ्या असतीलच, त्यांना ताटात ठेवून दे.

बाबा, तुम्ही बी धरायचं म्हणत होते. भिवापुरीच्या शेजारीच लवंगी लावली आहे तुम्ही, मधमाश्यांनी दोन्हींचं केव्हाच एक केलं असेल, त्या बियांतून पुढे काय निघेल सांगता येत नाही. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची पिकवणारा भिवापूर तालुका इतका जवळ असताना तिथल्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून मूठभर बी आणा. आणि रोपं किती लावायची ते आईला विचारून.

माझं तिखट दादा येईल तेव्हा त्याच्याजवळ द्या. डब्याला टेप लावा, आणि त्यातच लोणच्याची बाटली खुपसू नको आई, मला पण मीठ कमी सांगितलंय.

तुमची पोरगी