जाहिरात आली तेव्हा गाडी सुटलेली असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतला कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीच्या मॅनेजमेंट ट्रेनी (शिकाऊ अधिकारी) भरतीवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. मथळा झकास, डंपरचा फोटो त्याहून झकास. पण पहिलाच सल्ला काय, तर 'जाहिरात निघताच जोमाने तयारीला लागा'! हा सल्ला ऐकणाऱ्याचं सरळ एक वर्ष बुडतं.

२०२४ची भरतीच पाहा. जागा ६४०. त्यात मायनिंग २६३, मेकॅनिकल १०४, इलेक्ट्रिकल १०२, सिव्हिल ९१, बाकी सिस्टिम आणि टेलिकॉम. अर्ज २९ ऑक्टोबरला सुरू झाले, २८ नोव्हेंबरला बंद. निवड गेट २०२४च्या (गेट म्हणजे अभियांत्रिकीची देशपातळीवरची परीक्षा) गुणांवर. ती परीक्षा फेब्रुवारीतच उरकली होती आणि तिची नोंदणी त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२३च्या ऑगस्टअखेर सुरू झाली होती. म्हणजे नोव्हेंबर २०२४मध्ये जो अर्ज करू शकला, त्याने पहिला फॉर्म वर्षभरापूर्वीच भरलेला होता. जाहिरात वाचून जोमाने तयारीला लागलेल्याने करायचं काय? तोवर गेट २०२५ची नोंदणीसुद्धा बंद झाली होती. आणखी एक फसगत अशी की गेटचं गुणपत्रक तीन वर्षं ग्राह्य असतं हे ऐकून मुलं निर्धास्त राहतात. कंपनी मात्र जाहिरातीत वर्ष नेमून देते. त्या वर्षाचंच गुणपत्रक चालतं, आधीचं नाही.

लेखात 'शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर, पहिला सामान्यज्ञानाचा' असं जे छापलंय ती २०२०च्या भरतीची पद्धत. तेव्हा चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते, म्हणून 'एकही प्रश्न रिकामा सोडू नका' हा सल्ला तेव्हा बरोबर होता. गेटमध्ये तो अंगाशी येतो. बहुपर्यायी प्रश्न एक गुणाचा असेल तर चुकीला तृतीयांश गुण जातो, दोन गुणांचा असेल तर दोन तृतीयांश. ज्यात आकडा टाइप करायचा असतो आणि ज्यात एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, त्या प्रश्नांत मात्र काहीच कापत नाहीत. तिथे जागा रिकामी ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. हा फरक दोन ओळींत सांगता आला असता. त्या दोन ओळींच्या जागी 'आत्मविश्वास हीच यशाची गुरुकिल्ली' अशी चौकट आहे.

आता त्या नमुना प्रश्नाबद्दल, कारण पत्र लिहायला बसलो ते खरं त्यासाठीच. 'ओव्हरबर्डनची जाडी ३० मीटर, कोळशाचा थर ५ मीटर, तर स्ट्रिपिंग रेशो किती?' उत्तर छापलंय ६. आपल्याकडे कोळशाच्या उघड्या खाणीत हा रेशो, म्हणजे कोळसा काढायला वरचं किती हटवावं लागतं ते प्रमाण, घनमीटर प्रति टन असा मोजतात. वरची माती-दगड (ओव्हरबर्डन) घनमीटरमध्ये, कोळसा टनात. त्यामुळे कोळशाची घनता दिल्याशिवाय हा प्रश्नच पुरा होत नाही. ती घनमीटरला १.४ टन धरली तर ५ मीटर थरातून दर चौरस मीटरला ७ टन कोळसा मिळतो आणि रेशो येतो ३० भागिले ७, म्हणजे ४.२९. आकडा टाइप करायच्या प्रश्नात ६ लिहिलं की दोन्ही गुण गेले. मायनिंगची मुलं नेमकी हीच चूक करतात, आणि तुम्ही ती उत्तर म्हणून छापलीत!

दुसरी नेहमीची चूक वायुवीजनाच्या, म्हणजे खाणीत हवा खेळवण्याच्या, गणितात होते. लेखात या विषयाचं नावही नाही, मायनिंगच्या पेपरात मात्र तो हमखास असतो. समजा ९० घनमीटर प्रति सेकंद हवा दोन समांतर वाटांत विभागायची आहे, एकीचा हवेला होणारा रोध ०.४, दुसरीचा ०.१. मुलं रोधाच्या व्यस्त प्रमाणात १८ आणि ७२ करून मोकळी होतात. पण दाब म्हणजे रोध गुणिले प्रवाहाचा वर्ग, म्हणून विभागणी रोधाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात होते: ३० आणि ६०. पडताळा सोपा आहे. पहिल्या वाटेत ०.४ गुणिले ९०० म्हणजे ३६० पास्कल, दुसरीत ०.१ गुणिले ३६०० म्हणजे तेही ३६०. समांतर वाटांत दाब सारखाच यायला हवा; नाही आला तर उत्तर पुसा. हा पडताळा घ्यायला अर्धं मिनिट लागतं, पण पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरची सवय हवी. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही आणि पडद्यावरचा माउसनेच चालवावा लागतो. घरी हातातल्या कॅल्क्युलेटरवर सराव केलेली मुलं तिथे अडखळतात.

मुंबईच्या कॉलेजांतून येणारी बहुतेक मुलं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिलची. त्यांना हे खाणीचं गणित लागत नाही, आपल्या शाखेचाच गेट पेपर द्यायचा असतो. त्यांची गाडी अडते ती कागदपत्रांवर. पदवीला किमान ६० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५५). सीजीपीएला दहाने गुणून टक्के लिहू नयेत. विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वापरावं आणि तसं पत्र कॉलेजातून आधीच घेऊन ठेवावं. ओबीसींनी नॉन-क्रीमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना हेही पाहावं. राज्याच्या नोकरीसाठी काढलेला दाखला इथे चालत नाही. राज्याचं एसईबीसी (मराठा समाजाचं) आरक्षण तर केंद्राच्या कंपन्यांत लागूच नाही. सेतू केंद्रात 'केंद्राचा नमुना' असं स्पष्ट सांगितलं नाही तर हातात राज्याचाच दाखला पडतो, आणि ही चूक कळते ती कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी. त्यानंतर वैद्यकीय तपासणी असते. छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता, कान, डोळे सगळं पाहतात. रंग ओळखता येतात की नाही हे गेटचा अभ्यास सुरू करण्याआधीच एकदा तपासून घेतलेलं बरं.

'नागपूरला पोस्टिंग मिळण्याची संधी' या उपमथळ्याबद्दल काय बोलावं! वेस्टर्न कोलफील्ड्स या कोल इंडियाच्या उपकंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे हे खरं. पण नेमणूक सिंगरौली, धनबाद, तालचेर, कुठेही होऊ शकते, अगदी आसामातल्या मार्गेरिटालाही. आणि नागपूर मुख्यालय म्हटलं तरी काम चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणीवरच.

जाता जाता आणखी एक. फोटोखाली 'खाणीतलं काम, मुलांसाठी आव्हान' असं लिहिलंय. मुलींसाठी काय? खाण कायदा १९५२च्या कलम ४६मधली बंदी केंद्राने जानेवारी २०१९च्या अधिसूचनेने शिथिल केली. तांत्रिक, पर्यवेक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत भूमिगत खाणीतही काम करता येऊ लागलं ते तेव्हापासूनच. तेव्हा ती ओळ कोणाच्या समजुतीवर छापली ते आपणच पाहावं.

आणि मेगाब्लॉकची (रविवारी लोकल कुठे, किती वेळ बंद ते सांगणारी) चौकट पुन्हा पहिल्या पानावर आणा. गेट शनिवार-रविवारीच असते आणि सकाळचं सत्र साडेनऊला सुरू होतं. रविवारी कल्याणहून नवी मुंबईचं केंद्र गाठायचं असलेल्या मुलाला ती चौकट तुमच्या अख्ख्या पुरवणीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. सध्या ती आतल्या पानावर, साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली चिरडलेली असते.

दुरुस्ती छापणार असाल तर गेटची नोंदणी चालू असतानाच छापा, आणि त्या स्ट्रिपिंग रेशोसकट.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)
(नाव छापू नये)