ट्रेलर भरताना, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांनी सायकलला ट्रेलर जोडला हे ऐकून बरं वाटलं. पण पाण्याचे भरलेले कॅन काढायला सोपे म्हणून अगदी मागच्या टोकाला ठेवता, असं आई म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला.

बाबा, मागून जड झालेल्या बैलगाडीला तुम्ही 'उलाळ' म्हणता ना, तेच इथे होतं. वजन आसाच्या मागे गेलं की ट्रेलरचा दांडा वर उचलतो आणि सायकलचं मागचं चाक हलकं पडतं. मग ब्रेक दाबला की ते घसरतं, आणि वेग वाढला की ट्रेलर झोकांड्या खात सायकललाही ओढतो. जड वस्तू तळाशी, मधोमध आणि आसाच्या किंचित पुढे ठेवा. जोडण्याआधी दांडा हाताने उचलून बघा. सामान ३० किलो असेल तर हाताला दोन-तीन किलो लागायला हवेत. दांडा आपणहून वर जात असेल तर कॅन पुढे सरकवा, फारच जड लागला तर थोडे मागे. ट्रेलरवर लिहिलेल्या वजनापेक्षा एक पिशवीही जास्त नको.

कॅन पट्ट्यांनी आवळा. इलॅस्टिकची दोरी धक्क्यासरशी ताणते. पट्ट्याचं लोंबतं टोक खोचा, नाहीतर चाकात अडकेल. आई, निघताना जोडाची पिन तू बघत जा, बाबा घाईत असतात.

वळणाची मला जास्त भीती वाटते. सायकल झुकते, दोन चाकांचा ट्रेलर झुकत नाही. त्यामुळे तो कलंडायला आला तरी सीटवर कळत नाही. शिवाय तो सायकलपेक्षा आतून वळतो. माझ्या ट्रेलरचं आतलं चाक असंच फुटपाथच्या कडेवर चढलं आणि सगळं सामान रस्त्यावर आलं. मागून गाडी येत नव्हती म्हणून निभावलं. वळण मोठं घ्या, वेग आधीच कमी करा.

उतारावर सगळं ओझं मागून ढकलतं, अशा ट्रेलरला सहसा स्वतःचा ब्रेक नसतो. माथ्यावरच वेग आवरा, सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. ट्रेलरला उंच झेंडा आणि मागे लाल दिवा हवाच.

उद्या दांडा उचलून बघा आणि हाताला कसा लागला ते संध्याकाळी फोनवर सांगा.

तुमची लेक